जांभळा बेडूक आणि ध्रुव

पोर्ट सईद शहरात, अल-अरब मोहल्ल्यात, तळमजल्यावर शिहाब नावाच्या अविवाहित गृहस्थाचं जुन्या व्हिडिओ गेम्सचं दुकान आहे, आणि मागच्या खोल्यांत तो आईबरोबर राहतो. एका मंगळवारी दुपारी या दुकानातल्या मुख्य मॉनिटरवरचा हिरवा बेडूक उड्या मारत खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला आणि जांभळा झाला. कोपऱ्यातून बाहेर आला की पुन्हा हिरवा, आत गेला की पुन्हा जांभळा. शिहाबने त्याला बराच वेळ आत-बाहेर करायला लावलं. बेडकाची काही तक्रार नव्हती. शिहाबची मात्र होती.

हा मॉनिटर साधासुधा नव्हता. फुगीर काचेचा, लोखंडी पेटीतला आणि चार माणसांनी उचलायचा. पोर्ट सईदला जकात माफ होती आणि अर्धं कैरो इथे येऊन अंगावर एकावर एक पाच सदरे चढवून नाक्यातून बाहेर पडत होतं, त्या काळात शिहाबच्या मामाने तो एका जहाजाच्या कप्तानाकडून मिळवला होता. पुढे जकात आली, मामा गेला, मॉनिटर राहिला. मग गेल्या काही वर्षांत कैरोतल्या सुखवस्तू तरुणांना असा शोध लागला की, सपाट पडद्यावर गेम खेळणं म्हणजे पावडरच्या दुधाचा चहा पिणं. ही मंडळी जन्मली तेव्हा फुगीर काचेचे मॉनिटर भंगारात निघाले होते. तरीही आपल्या लहानपणीचे अस्सल रंग आठवून त्यांचे डोळे भरून येत, आणि ते पुसायला दर शुक्रवारी ती शिहाबच्या दुकानात येत.

येत्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी तिथे बेडकाच्या गेमची मोठी स्पर्धा व्हायची होती. स्पर्धा बघायला हाज्ज मितवल्ली येणार होते. हाज्ज मितवल्ली हे हजला जाऊन आलेले, मासळीबाजारातले मोठे व्यापारी आणि शाहिनाझचे वडील. शाहिनाझ जहाजांचा माल सोडवणाऱ्या एका कचेरीत काम करत असे, बेडकाच्या गेममध्ये शिहाबला नेहमी हरवत असे आणि तिला त्याच्याशीच लग्न करायचं होतं. हाज्जांचं म्हणणं एवढंच होतं की, जावयाचा धंदा आधी डोळ्यांनी बघीन. बरा वाटला तर तिथेच फातिहा पढून लग्न पक्कं करू, नाही वाटला तर चहा पिऊन घरी जाऊ.

"पण काका, बघायचंय काय नेमकं?" शिहाबने एकदा धीर करून विचारलं होतं.

"मासा ताजा आहे की नाही ते मी डोळ्यावरून ओळखतो," हाज्ज म्हणाले. "तुझा धंदा कशावरून ओळखायचा ते तिथे आल्यावर कळेल. बेडूक हिरवा असतो, एवढं मला माहितीये. हिरवा बेडूक हिरवा न दाखवणारा माणूस माझ्या मुलीला काय दाखवणार?"

आता या बिघाडाचं कारण सांगून टाकतो, कारण यात गुपित असं काही नाही. फुगीर काचेच्या पडद्याशेजारी लोहचुंबक नेला की तिथले रंग बिघडतात. ज्यांच्या घरी असा टीव्ही होता त्या प्रत्येकाने लहानपणी हे करून पाहिलेलं असतं. शिहाबनेही सातव्या वर्षी केलं होतं आणि त्याबद्दल आईच्या चपलेचा मार खाल्ला होता. तीच आई, हाज्जा इन्साफ, आदल्या दिवशी दुकानात बसलेली असताना शेजारची उम्म वजीह आत डोकावली, पडद्याकडे टक लावून म्हणाली, "काय सुंदर चित्र आहे गं बाई!" आणि निघून गेली. माशाअल्लाह म्हणाली नाही. असं कौतुक नुसतं सोडून देणं म्हणजे उघड्यावर चाकू टाकून जाणं. हाज्जा तडक बाजारात गेल्या आणि दृष्ट लागू नये म्हणून काचेचा निळा डोळा घेऊन आल्या. पूर्वी असले डोळे दोऱ्याने टांगायचे असत. हल्ली चीनहून येतात आणि त्यांच्या पाठीला चुंबक असतो. हाज्जांनी मॉनिटर आणि भिंत यांच्या फटीत हात घातला आणि तो डोळा पेटीच्या डाव्या अंगाला, पडद्याच्या अगदी जवळ चिकटवून दिला. टक्कन बसला. दृष्टीची वस्तू दिसण्यात नसावी, असण्यात असावी, असं त्यांचं मत होतं.

तर वाचकाला आता सगळं ठाऊक आहे. पोर्ट सईदमध्ये ते हाज्जांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि हाज्जांना चुंबकाशी कर्तव्य नव्हतं.

मॉनिटरवर चुंबकत्व घालवायचं एक बटण असतं. शिहाबने ते दाबलं. ढम्म आवाज झाला, चित्र थंडी वाजल्यासारखं थरथरलं, स्थिर झालं आणि बेडूक जांभळाच राहिला.

"आई, तू याला काही हात लावलास का?"

"मी? मी कशाला हात लावू? मी फक्त त्याची काळजी घेते," हाज्जा म्हणाल्या, आणि ते खरं होतं. "तरी मी तुला सांगत होते राजा, त्या बाईची नजर चांगली नाही. त्यांच्या गच्चीवरची कबुतरं बघ, सगळी लंगडतात."

एका दिवसात कोपरा जांभळा झाला म्हणजे दृष्ट जबर आहे आणि एका डोळ्याने भागणार नाही, हे उघड होतं. हाज्जांनी आणखी दोन डोळे आणून चिकटवले. संध्याकाळपर्यंत डाग पडद्याच्या मध्यापर्यंत आला आणि त्याच्या कडेने पिवळी किनार उमटली. आता बेडूक डबक्यात हिरवा, काठावर पिवळा आणि गवतात जांभळा दिसू लागला.

शिहाबने कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात सल्ला विचारला. पोर्ट सईदमध्ये कोणी काही विचारलं तर 'माहीत नाही' म्हणणं असभ्यपणाचं समजतात. त्यामुळे त्याला भरपूर माहिती मिळाली. एकाने सांगितलं, समुद्राची दमट हवा. दुसऱ्याने वरच्या मजल्यावरच्या कपडे धुण्याच्या मशीनवर संशय घेतला. एका वृद्धाने कालव्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "एवढाली लोखंडी जहाजं शेजारून जातात, आणि तुम्ही म्हणता बेडूक का बिघडला! उलट इतके दिवस तो हिरवा राहिला कसा, ते विचारा." हे सर्वांनाच पटलं.

तरीही रीतसर म्हणून शिहाबने इंजिनियर हिल्मींना बोलावलं. त्या शहरात ज्याच्या हातात पेचकस असेल त्याला इंजिनियर म्हणतात, आणि हिल्मींकडे पेचकसांचा अख्खा डबा होता. त्यांनी दारातूनच पडद्याकडे पाहिलं, चहा मागवला आणि निदान केलं.

"नळी थकलीय. माणसासारखंच आहे. वय झालं की एका अंगाला ओढतं."

"काही करता येईल का, इंजिनियरसाहेब?"

"दुसऱ्या कोणाला नाही येणार."

मॉनिटर हिल्मींच्या दुकानी न्यायचं ठरलं. चार हमाल आले. "थांबा रे, आधी धूळ तरी पुसू दे," म्हणत हाज्जा पुढे झाल्या आणि फटीत हात घालून तिन्ही डोळे हळूच ओढणीआड केले. परक्या माणसांच्या नजरेला दृष्टीची वस्तू पडली की तिचा गुण जातो.

हिल्मींनी आपल्या दुकानात मॉनिटर सुरू केला, नेहमीच्या सवयीने ते बटण दाबलं, आणि बेडूक डोक्यापासून पायापर्यंत हिरवागार दिसला. अजून एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता. परंतु अनुभवी माणूस चकित झालेला दिसत नाही.

"बघा!" ते म्हणाले.

"काय केलंत?"

"ते सांगितलं तर उद्या तुम्हीच माझ्यासमोर दुकान टाकाल."

शिहाबने त्यांना मिठी मारली. मॉनिटर वाजतगाजत घरी आला. रस्ताभर सगळ्या मोहल्ल्याने त्याला पाहिलं, म्हणून हाज्जांनी तिन्ही डोळे परत चिकटवले आणि त्यांच्या शेजारी नवीन दोन. शिहाबने बटण दाबलं. आता बेडूक जांभळा होताच, शिवाय आकाश भोपळ्याच्या रंगाचं झालं होतं.

"माझ्याकडे बरा होता की नाही?" फोनवर हिल्मी म्हणाले.

"होता."

"मग? माझी हमी माझ्या दुकानात लागू आहे. तुमच्या घरी तो कसा वागतो हे मी कसं सांगू? सासरी गेलेल्या मुलीची हमी तिचा बाप देतो का?"

शाहिनाझ दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर येऊन बघून गेली. तिने कमरेवर हात ठेवून बराच वेळ तो भोपळी सूर्यास्त पाहिला.

"बाबांना हे दाखवलंस तर ते चहासुद्धा घेणार नाहीत."

"मग मी काय करू? तूच सांग."

"मला बेडूक कुठल्याही रंगाचा चालेल, शिहाब. पण बाबांना नाही चालणार. त्यांनी एकदा नाही म्हटलं की झालं. माझ्या आत्याचं लग्न त्यांनी एका शिळ्या कोळंबीवरून मोडलंय. ती अजून आमच्याच घरात आहे, आणि अजून त्यांच्याशी बोलत नाही."

त्या आत्याबाईंना शिहाबने पाहिलं होतं. त्याने त्याच संध्याकाळी कैरोच्या अस्सल पडदा प्रेमी मंडळाला निरोप धाडला.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर ताहिर शौकत हे दातांचे डॉक्टर होते. ते पांढरे हातमोजे घालून आले. मॉनिटरपासून चार पावलांवर उभे राहून त्यांनी डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

"जरा पुढे ओढून बघायचा का, डॉक्टर?" शिहाबने विचारलं. "मागून, बाजूने काही दिसलं तर..."

"अस्सल वस्तूला मी हात लावत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि इतर कोणाला लावू देत नाही. हा मॉनिटर तिकडे बरा होतो, इथे आजारी पडतो. याचा अर्थ दोष मॉनिटरचा नाही, जागेचा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आहे. मॉनिटरचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहायला हवं."

त्यांनी बॅगेतून पितळी होकायंत्र काढलं. सुई गर्रकन फिरली आणि मॉनिटरच्या डाव्या अंगाकडे बोट करून थांबली. डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. सुई मॉनिटरकडेच. खुर्चीवर चढले, टेबलाखाली शिरले, दरवाज्यात उभे राहिले. सुई काही मॉनिटरवरून नजर काढेना. उठून दिसणारी गोष्ट अशी होती की, दरवाज्यातून पाहिल्यास ती सुई सरळ दक्षिणेकडे उत्तर दाखवत होती.

सामान्य माणसाने अशा वेळी म्हटलं असतं की, या मॉनिटरच्या बाजूला काहीतरी आहे. डॉक्टर सामान्य नव्हते. त्यांनी हातमोजे काढले, कपाळ पुसलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शिहाब, चुंबकीय उत्तर ध्रुव सरकतो हे तू वाचलं असशील."

"नाही."

"सरकतो. दरवर्षी सरकतो. तो आता इथे आलाय."

"कुठे?"

"तुझ्या दुकानात."

चहा घेऊन आलेल्या हाज्जा हे ऐकून जागीच थबकल्या. मुलाच्या दुकानात कोणी नवीन आलंय, आणि तेही परदेशातून, एवढं त्यांना कळलं. गर्दी वाढली की नजरा वाढतात. डॉक्टर फोटो काढण्यात गुंतलेले पाहून त्यांनी आणखी दोन डोळे चिकटवले. सुई थोडी आणखी कडक झाली.

डॉक्टरांनी त्या रात्रीच ही बातमी मंडळाच्या सर्व सभासदांना कळवली आणि सकाळपर्यंत ती युवक व विरंगुळा खात्यापर्यंत पोहोचली. एरवी हे खातं कुठल्याही गोष्टीसाठी जागचं हलत नसे. परंतु तिकडचं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं, ते संपत आलं होतं आणि निधी पडून होता. ध्रुवाइतकी मोठी आणि जागेवरून न हलणारी वस्तू खर्च दाखवायला दुसरी मिळणार नव्हती. संचालक फिक्री स्वतः तीन गाड्या आणि एक समिती घेऊन आले. समितीचं नाव 'ध्रुव स्वागत व निगा समिती' असं होतं. गल्लीत गाड्या शिरेनात, म्हणून समिती कोपऱ्यापासून चालत आली आणि तेवढ्या चालण्याचा प्रवासभत्ता तिने तिथेच ठराव करून मंजूर केला.

"इतकी वर्षं हा ध्रुव कॅनडाकडे होता," संचालक पडद्याकडे पाहत म्हणाले. "त्यांनी त्याचं काय केलं? बर्फात ठेवला."

"साहेब, माझी परवा स्पर्धा आहे," शिहाब म्हणाला. "मला फक्त बेडूक हिरवा पाहिजे."

"जांभळा रंग हाच ध्रुवाचा पुरावा आहे. पुराव्यात फेरफार करायचा म्हणताय?"

"नाही, पण समितीने निदान बाजूला जाऊन बघावं. या अंगाला काहीतरी..."

संचालकांनी फाईल उघडून पाहिली. "समितीचा अधिकार मॉनिटरच्या समोरच्या बाजूपुरता आहे. डावं अंग भिंतीकडे आहे. भिंती गृहनिर्माण खात्याकडे येतात. त्यांना पत्र टाकता येईल, पण मग ते छताबद्दलही बोलायला लागतील."

छताला ओल होती आणि वरचं बांधकाम विनापरवाना होतं, त्यामुळे शिहाबने डाव्या अंगाचा विषय सोडून दिला. दुपारपर्यंत मॉनिटरभोवती लाल दोर बांधला गेला आणि चुंबकत्व घालवायच्या बटणावर लाल लाखेची मोहोर लागली. दारावर पाटी आली. स्पर्धा होईल, असं संचालकांनी उदार मनाने सांगितलं, मात्र ती स्पर्धा नसून ध्रुवाचं उद्घाटन असेल आणि बेडूक खेळाडूंनी नव्हे तर मान्यवरांनी उडवायचा असेल. डॉक्टर ताहिर ध्रुवाचे तज्ज्ञ म्हणून नेमले गेले. इंजिनियर हिल्मींनी वर्तमानपत्रात सांगितलं की, ध्रुव आपण मार्गी लावला होता, पण तो घरी नेताना हमालांनी आपटला.

शुक्रवार उजाडला. हाज्जा इन्साफ पहाटेपासून कामाला लागल्या होत्या. कांदा तपकिरी होईस्तोवर परतून केलेल्या भाताचा आणि तळलेल्या मासळीचा वास गल्लीभर सुटला होता. तेवढ्यात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. आज व्याही येणार. होणाऱ्या व्याह्याच्या समोर दृष्टीचे डोळे लावून बसणं म्हणजे त्याच्याच नजरेवर संशय घेणं. हाज्ज मितवल्लींनी चुकून बाजूला वाकून पाहिलं तर? लग्न मोडायला शिळी कोळंबीसुद्धा लागणार नाही. हाज्जांनी लगबगीने दोराखालून वाकून फटीत हात घातला, सातही डोळे काढले आणि झग्याच्या खिशात टाकले. एकमेकांना चिकटून त्यांचा एक गोळा झाला. दोर बांधणाऱ्यांनी लाखेचं काम कंत्राटाने दिलेलं असल्यामुळे हाज्जांचा हात लागताच मोहोरही गळून पडली. ती त्यांनी नीट पूर्वीच्या जागी, बटणावर, दाबून बसवली. ढम्म आवाज झाला.

दुपारच्या नमाजानंतर सगळे जमले. समिती पुढच्या खुर्च्यांवर, कैरोची मंडळी उभी, हाज्ज मितवल्ली मधोमध हातावर हात ठेवून, आणि शाहिनाझ भिंतीला टेकून, ओठ दाबून. शिहाबने मनात देवाचं नाव घेतलं आणि गेम सुरू केला.

बेडूक डबक्यात उतरला. हिरवा. काठावर चढला. हिरवा. उड्या मारत खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला, थांबला आणि त्याने मान वळवली. पालकाच्या पानासारखा हिरवा होता तो. वरती आकाश निळं होतं, ढग पांढरे होते. शिहाबला इतका आनंद झाला की त्याला रडू येईल असं वाटलं. हे रंग त्याने सातव्या वर्षी मामाच्या मांडीवर बसून पाहिले होते. ते इतके दिवस या काचेच्या आत असेच शाबूत बसून होते, याचं त्याला फार बरं वाटलं.

हाज्ज मितवल्ली पुढे वाकले. त्यांनी बेडकाचा डोळा निरखून पाहिला.

"हं," ते म्हणाले. "ताजा आहे."

शाहिनाझने श्वास सोडला. हाज्ज मितवल्लींनी फातिहा पढायला दोन्ही तळहात उघडले, आणि तेवढ्यात संचालक फिक्री खुर्चीवरून उठले.

"ध्रुव कुठे आहे?"

डॉक्टर ताहिरनी होकायंत्र काढलं. सुई मॉनिटरकडे ढुंकूनही पाहत नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होती. दारातून हाज्जा चहाचं तबक घेऊन आल्या आणि पाहुण्यांमधून फिरू लागल्या. सुई हळूहळू त्यांच्यासोबत फिरू लागली. हाज्जा साखर आणायला आत गेल्या, सुई आत वळली. बाहेर आल्या, सुई बाहेर आली.

"ध्रुव सरकतोय," डॉक्टर पुटपुटले. "ध्रुव... साखर घेऊन आला."

"शासनाने स्वीकारलेला ध्रुव खाजगी स्वयंपाकघरात जाऊच शकत नाही," संचालक गरजले. "ध्रुव अढळ असावा अशी खात्याची अपेक्षा आहे. आम्ही त्याच्यावर खर्च दाखवलाय!"

समितीची तातडीची बैठक तिथेच उभ्याने झाली. सुई हाज्जांकडे बोट दाखवते, तर हाज्जांनाच ध्रुव म्हणून नेमावं, अशी सूचना एका सभासदाने केली. परंतु त्यांचं वय निवृत्तीच्या पलीकडे गेल्यामुळे नेमणूक करता येत नव्हती. मग राहिला एकच मार्ग.

"शिहाबसाहेब," संचालक म्हणाले, "ध्रुव तुमच्या ताब्यात दिला होता. तो जागेवर नाही. सरकारी वस्तूचा अपहार, त्यात उद्घाटनाच्या दिवशी. पोलिसांना बोलवावं लागेल."

"पण बेडूक हिरवा झालाय!" शिहाब ओरडला. "बघा ना! सगळं दुरुस्त झालंय!"

"तेच तर म्हणतोय. कबुली देताय?"

हाज्ज मितवल्लींनी उघडलेले तळहात मिटले आणि सदऱ्याला पुसले. "आरोपीला मुलगी देणाऱ्यांतला मी नाही," ते म्हणाले. "चल गं शाहिनाझ."

"बाबा, चहा तरी..."

"चहा झाला."

हाज्जा इन्साफ तबक धरून उभ्या होत्या. अपहार म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पोलीस म्हणजे काय ते कळलं. आपण डोळे काढले आणि घटकाभरात मुलावर ही पाळी आली, एवढा हिशोब त्यांच्या जागी कोणीही केला असता. उम्म वजीह दारात उभी राहून सगळं बघतच होती. व्याही काय म्हणेल ते म्हणो. हाज्जांनी तबक संचालकांच्या हातात दिलं, दोराखालून वाकल्या आणि खिशातून हात काढून फटीत घातला.

टक्, टक्, टक्, टक्.

शिहाब अगदी जवळ उभा होता. त्याने तो हात पाहिला. त्यातला निळा काचेचा डोळा पाहिला आणि त्याच्या पाठीची काळी चकती पाहिली. बेडूक डोळ्यांदेखत जांभळा होत गेला. सातव्या वर्षीची चप्पल त्याला आता पुन्हा लागली. त्याला सगळं कळलं. त्याने बोलायला तोंड उघडलं.

"ध्रुव परत आला!" डॉक्टर ताहिर होकायंत्र उंच धरून किंचाळले. समितीने टाळ्या वाजवल्या. संचालक फिक्रींनी चहाच्या तबकासकट शिहाबला मिठी मारली.

"आणला! ह्याने परत आणला! अशा माणसाला ध्रुवाचा रक्षक म्हणून कायमचं नेमलं पाहिजे. सरकारी पगार, निवृत्तिवेतन, राहायला जागा. बोला, काय म्हणत होतात तुम्ही?"

हाज्ज मितवल्ली दारातून परत फिरले होते. निवृत्तिवेतन हा शब्द त्यांच्या कानावर पडला होता. त्यांनी जांभळ्या बेडकाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"समुद्रात काही जाती जांभळ्याही असतात," ते म्हणाले. "महाग असतात."

शाहिनाझ शिहाबकडे पाहत होती. आई शिहाबकडे पाहत होती, हात अजून फटीतच. सगळी खोली शिहाबकडे पाहत होती. बेडकाने जांभळ्या गवतातून त्याच्याकडे मान वळवली.

"काही नाही," शिहाब म्हणाला. "चहा गार होतोय, घ्या."

फातिहा तिथेच पढली गेली. लग्न झालं. ध्रुव आजही पोर्ट सईदमध्येच आहे आणि शाळांच्या सहली तो बघायला येतात. इंजिनियर हिल्मी त्याच्या निगेचे सल्लागार आहेत. शाहिनाझला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली, मग गंभीर झाली आणि म्हणाली, "बाबांना कळू देऊ नकोस." दुपारी समिती जेवायला गेली की हाज्जा दार आतून लावतात आणि फटीतले डोळे काढून मांडीवर घेऊन बसतात. शिहाब बटण दाबतो आणि थोडा वेळ बेडूक हिरवा असतो. तेवढ्या वेळात ती दोघं नवरा-बायको खेळतात आणि शिहाब हरतो. मग पाय वाजले की हाज्जा डोळे परत लावतात.

आता उरला एक प्रश्न, तो विचारल्याशिवाय मला राहवत नाही. शिहाब गप्प बसला, त्याला बायको आणि नोकरी मिळाली. हाज्जा गप्प बसल्या, त्यांचा मुलगा सुटला. हाज्ज मितवल्ली गप्प बसले, त्यांची मुलगी सरकारी घरात पडली. तुम्हाला तर तो चुंबक पहिल्याच दिवशी दिसला होता, हिल्मींच्याही आधी, ध्रुव येण्याच्या कितीतरी आधी. एक शब्द बोलला नाहीत. आरामात टेकून बसलात आणि पुढे काय होतं ते बघत राहिलात, तेही फुकटात. संचालक फिक्रींनी तुमची चौकशी केली आहे. समितीत एक जागा रिकामी आहे आणि इतका अनुभवी उमेदवार त्यांना दुसरा मिळणार नाही, असं ते म्हणतात.